मिठाच्या जागी गोळी

तात्यांच्या रक्ताचा रिपोर्ट आला की संध्याकाळपर्यंत पाच-सहा फोन ठरलेले. कराडची आत्या, मामा, डेपोतले जुने सोबती. सगळ्यांचा प्रश्न एकच, "क्रिएटिनिन किती आलं?" मूत्रपिंडं किती काम करतात याचा अंदाज देणारा रक्तातला आकडा तो. मी आकडा सांगायचे. कमी असला की पलीकडून "देव पावला", जास्त असला की लांब सुस्कारा. दोन वर्षं मी हा आकडा जप केल्यासारखा सांगत राहिले. डायलिसिस सुरू झाल्यावर त्या आकड्यावरून फारसं काही ठरत नाही, क्रिएटिनिन स्नायूंतून येतं आणि माणूस वाळत चालला तरी ते कमी दिसू शकतं, हे मला फार उशिरा कळलं.

त्याच कागदावर, खाली, फॉस्फरस लिहिलेला असायचा. 6.8. मग 7.4. शेजारी वर तोंड केलेला छोटा बाण आणि पुढे कंसात 2.5 ते 4.5. त्याबद्दल एकाही नातेवाइकानं कधी विचारलं नाही आणि मीही कुणाला सांगितलं नाही. तात्यांना त्याचं काही दुखत नव्हतं. धाप नव्हती, सूज नव्हती. रात्री पाठ खाजायची, एवढंच. आई उठून खोबरेल तेल चोळायची, कधी कडुलिंबाचा पाला पाण्यात उकळून द्यायची. "डायलिसिसवाल्यांना खाज असतीच," असं शेजारच्या बेडवरचे एक आजोबा म्हणाले होते. आम्ही ते मान्य करून टाकलं.

तात्या एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. गळ्यात तुळशीची माळ. माउलींची पालखी लोणंदला मुक्कामाला आली की तिथून पुढे फलटणपर्यंत तरी चालायचेच. साखर आणि रक्तदाब दोन्ही बरीच वर्षं अंगावर काढलेले, त्यात मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून दोनदा, चार-चार तास, डाव्या हातातल्या फिस्च्युलात, म्हणजे डायलिसिससाठी धमनी शिरेला जोडून केलेल्या जागी, दोन सुया. त्या हाताला कान लावला की आत पाणी खळाळल्यासारखी घरघर ऐकू येते. नातू आले की तात्या त्यांना ती ऐकवायचे, "बघ, इंजिन चालू हाय."

सरकारी योजनेत डायलिसिसचे पैसे लागत नव्हते. गोळ्या तेवढ्या आम्ही औषधाच्या दुकानातून आणायचो. त्यांत एक मोठी, गिळायला जड गोळी होती, दिवसातून तीन. तात्या सकाळी उठल्याबरोबर रक्तदाबाच्या गोळीसोबत तिन्ही एकदम घ्यायचे, पेलाभर पाण्याबरोबर. पाण्यावर मर्यादा होती, त्यामुळे एकाच घोटात सगळं उरकलेलं बरं. शिस्तीचा माणूस. एकही दिवस चुकवला नाही.

मग एका सकाळी न्हाणीघरात पाय सरकला. पडले म्हणावं असंही नाही, हात टेकून बसले फक्त. पण मनगट मोडलं. एक्स-रेची फिल्म डॉक्टरांनी खिडकीच्या उजेडात धरली आणि हाडाकडे न बघता हाडाच्या बाजूला बोट ठेवलं. तिथं दोन पांढऱ्या रेघा होत्या, बारीक, समांतर, रेल्वेच्या रुळांसारख्या, मनगटाकडून कोपराकडे चाललेल्या.

"ही रक्तवाहिनी आहे," ते म्हणाले. "ही एक्स-रेत दिसायला नको."

हाड मात्र फिकट दिसत होतं. मी ती फिल्म नंतर पुष्कळदा काढून पाहिली. जिथं चुना, म्हणजे कॅल्शियम, असायला हवा तिथून तो गेला होता आणि जिथं अजिबात नको तिथं जाऊन बसला होता. सगळं एका हातात, बोटभर अंतरावर.

तात्यांनी फिल्म बघितली आणि लगेच म्हणाले, "रेडिएटरवानी झालंय की. बोअरचं पाणी घातलं की नळ्या आतनं धरत्यात." डॉक्टर हसले नाहीत. "अगदी तसंच," म्हणाले. पुढे मी वाचत गेले तेव्हा कळलं की रेडिएटरची उपमा अर्धीच खरी आहे. नळीत क्षार बसतो तेव्हा नळी बिचारी काही करत नसते. रक्तवाहिनीचं तसं नाही. तिच्या भिंतीत स्नायूपेशी असतात, त्यांच्याभोवती फॉस्फरस फार झाला की त्या आपला स्वभाव बदलतात आणि हाड तयार करणाऱ्या पेशींसारख्या वागू लागतात. नुसती पुटं चढत नाहीत, धमनी स्वतः हाड व्हायला निघते. ती ताठ झाली की हृदयाला प्रत्येक ठोक्याला जास्त जोर लावावा लागतो. अमेरिकेत 2000 साली डायलिसिसवरच्या तरुणांची तपासणी झाली होती. विशी ते तिशीतल्या 16 जणांपैकी 14 जणांच्या हृदयाच्या धमन्यांत असा चुना सापडला. वय वर्षं 20 ते 30. मी तो आकडा दोनदा वाचला.

फॉस्फरस या शब्दाशी माझी ओळख शाळेतल्या रसायनशास्त्राच्या पुस्तकापुरती होती. पाण्याखाली ठेवायचा, हवेत पेटतो, एवढंच. 1669 साली हॅम्बुर्गमध्ये हेनिग ब्रँड नावाच्या किमयागारानं सोनं मिळेल या आशेनं माणसांची लघवी पिंपंच्या पिंपं गोळा करून आटवली, आणि तळाशी उरलेल्या द्रव्यातून अंधारात उजेड देणारा पदार्थ निघाला. तो फॉस्फरस. पुढे शंभर वर्षांनी स्वीडनमध्ये कळलं की तो हाडांतही असतो. मला हे वाचून अंगावर काटा आला. लघवी आणि हाड. तात्यांची लघवी दिवसाला अर्धा पेलाही होत नव्हती. निसर्गानं ज्या वाटेनं फॉस्फरस बाहेर जाईल अशी सोय केली होती ती वाटच बुजलेली, आणि मग तो जाणार कुठं?

एरवी आपल्या हे गावीही नसतं. मूत्रपिंडं दिवसाला 180 लिटरच्या आसपास पाणी गाळतात, त्यातलं जवळजवळ सगळं परत घेतात आणि नको तेवढंच सोडतात. दूध, डाळ, मासे, काहीही खा, जास्तीचा फॉस्फरस संध्याकाळपर्यंत बाहेर. मूत्रपिंड दुबळं होऊ लागलं की शरीर लगेच हार मानत नाही. हाडांमधल्या पेशी एक संप्रेरक सोडतात, एफजीएफ-23 असं त्याचं रुक्ष नाव आहे, आणि ते उरल्यासुरल्या मूत्रपिंडाला सांगतं की अजून फॉस्फरस टाक. ते टाकलं जातं. पण याच निरोपापायी ड जीवनसत्त्वाचं कामाचं रूप कमी तयार होतं. ते कमी झालं की आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं. रक्तातलं कॅल्शियम खाली येऊ लागलं की गळ्यातल्या, थायरॉइडच्या मागच्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी जाग्या होतात. पॅराथायरॉइड. त्यांचं संप्रेरक, पीटीएच, हाडांकडून कॅल्शियम मागून घेतं. हाडं देतात. त्यासोबत फॉस्फरसही सुटतो, कारण हाडात दोघं एकत्रच बांधलेले असतात. म्हणजे जो जास्त झाला म्हणून ही धावपळ, तोच पुन्हा रक्तात.

हे सगळं वर्षानुवर्षं चालतं आणि रिपोर्टात फॉस्फरस नॉर्मल दिसत राहतो. रक्तातला आकडा वर जातो तोपर्यंत मूत्रपिंडाचं बहुतेक काम गेलेलं असतं. तात्यांच्या पहिल्या रिपोर्टांवर "नॉर्मल" लिहिलं होतं, तेव्हाही हाडांनी आपली तिजोरी उघडायला सुरुवात केलेली असणार. पीटीएच पहिल्यांदा तपासलं तेव्हा ते 1100 निघालं. निरोगी माणसात 65 च्या आत असतं. डायलिसिसवर ते त्याच्या नऊ पटींपर्यंत चालवून घेतात, म्हणजे 585 धरा. तात्यांचं त्याच्याही जवळपास दुप्पट होतं.

मनगट मोडल्याची बातमी पसरली तसे सल्ले सुरू झाले. हाड ठिसूळ झालंय ना, मग कॅल्शियम द्या. एकानं दुधाचा रतीब वाढवायला सांगितलं. दुसऱ्यानं मोबाइलवर आलेला मजकूर वाचून दाखवला, गव्हाच्या दाण्याएवढा चुना रोज दह्यातून. मामा तर पानाच्या ठेल्यावरून चुन्याची डबी घेऊनच आले. त्यांच्या प्रेमाबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. चुना कमी पडलाय, चुना घाला, हे इतकं सरळ वाटतं की त्याला नाही म्हणायला जीभ रेटत नाही. पण तात्यांच्या शरीरात चुना कमी नव्हता. तो जागेवर नव्हता. वरून घातलेला हाडापर्यंत पोचेल याची काही खात्री नाही, आणि फॉस्फरस चढलेल्या रक्तात तो धमनीत जाऊन बसण्याची भीती खरी. डबी मी मामांच्या देखतच आईच्या पानाच्या तबकात ठेवली. "आईला लागतोच," म्हटलं.

ही चूक एकट्या नातेवाइकांची नाही, वैद्यकानंही या वाटेवर ठेचा खाल्ल्यात. पूर्वी फॉस्फरस बांधायला अॅल्युमिनियमची औषधं देत. ते अॅल्युमिनियम शरीरात साचून 1970 च्या दशकात डायलिसिसचे रुग्ण बोलताना अडखळू लागले, भ्रमिष्ट झाले, त्यांची हाडं दुखून मोडू लागली. मग कॅल्शियमच्या गोळ्या आल्या. त्या स्वस्त, चांगलं बांधतात, अजूनही वापरतात, पण जास्त झाल्या तर पुन्हा तोच चुन्याचा प्रश्न. 1998 पासून सेव्हेलॅमर आलं, त्यात ना कॅल्शियम ना अॅल्युमिनियम. तात्यांची ती गिळायला जड गोळी म्हणजे हेच. आणि आजाराला "हाडांचा विकार" म्हणणं सोडून हाडं, खनिजं आणि रक्तवाहिन्या यांचा मिळून एक आजार आहे असं जगभरच्या तज्ज्ञांनी ठरवलं ते 2006 साली. त्याआधीची कित्येक वर्षं दोन डॉक्टर एकाच माणसाच्या दोन आजारांवर उपचार करत होते.

त्या एक्स-रेच्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "ती मोठी गोळी कधी घेता?"

"सकाळी. तिन्ही," तात्या म्हणाले.

डॉक्टर क्षणभर गप्प झाले. ही गोळी रक्तात जातच नाही. तिचं सगळं काम पोटात, अन्नासोबत. घासातला फॉस्फरस ती धरून ठेवते आणि शौचावाटे बाहेर नेते. रिकाम्या पोटी घेतली की धरायला काही नसतं, ती तशीच निघून जाते. म्हणजे दोन वर्षं, रोज तीन गोळ्या, न चुकता, वाया. आमच्या चिठ्ठीवर "दिवसातून तीन वेळा" एवढंच लिहिलेलं होतं. जेवताना, जेवणाच्या मध्ये, घासाबरोबर, हे शब्द कुणीही लिहिले नव्हते आणि तोंडीही सांगितले नव्हते. मला अजून त्याचा राग येतो. महागडं यंत्र, खास शुद्ध केलेलं पाणी, फिस्च्युलाची शस्त्रक्रिया, एवढं सगळं उभं करायचं आणि चार शब्द सांगायचे राहून जावेत.

घरी आल्यावर आईनं यावर जो उपाय काढला तो कुठल्याही पुस्तकात नाही. आमच्याकडे ताट वाढताना आधी वर मीठ, मग डावीकडे चटणी-लिंबू, मग बाकीचं. तात्यांचं मीठ बंद होऊन दोन वर्षं झाली होती, ताटातली ती जागा रिकामीच असायची. आईनं तिथं गोळी ठेवायला सुरुवात केली. वाढायला बसली की मिठाच्या जागी आधी गोळी. दोन-चार घास झाले की "अहो, गोळी" म्हणायची, आणि तात्या पुढच्या घासाबरोबर ती घ्यायचे. सकाळच्या न्याहारीला नव्हती, कारण चहाबरोबर ते फारसं काही खात नव्हते. दुपारी एक आणि रात्री एक. तिसरी मधल्या वेळची, काही खाल्लं तरच. डॉक्टरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, जिथं जास्त खाणं तिथं जास्त गोळ्या, तसंच करा.

तात्यांनी एका रविवारी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. डेपोत डिझेलचा हिशेब ठेवायची सवय. मी आकडे सांगत होते आणि ते लिहीत होते. रोजच्या जेवणात साधारण 1000 मिलिग्रॅम फॉस्फरस. त्यातला 60 टक्के अंगी लागतो, म्हणजे 600. आठवड्याला 4200. एका डायलिसिसमध्ये 800 ते 1000 निघतो, 900 धरू. दोनदा, 1800. राहिला 2400. एक गोळी तीसेक मिलिग्रॅम बांधत असेल. रोज तीन घेतल्या तर आठवड्याला सहाशेच्या आसपास. तरी अठराशे शिल्लक.

"म्हंजे टाकी भरतच जाणार," तात्या म्हणाले आणि पेन्सिल खाली ठेवली. मग बऱ्याच वेळानं, "अन् यंत्र चार तासांच्या जागी आठ तास चालवलं तर?" प्रश्न अगदी बरोबर होता. फॉस्फरस बहुतेक सगळा पेशींच्या आत आणि हाडांत असतो. डायलिसिसच्या पहिल्या तासाभरात रक्तातला भराभर निघतो, मग आतून हळूहळू झिरपत येतो तेवढाच. यंत्राचा वेग वाढवून फारसं काही साधत नाही, वेळ वाढवला तर साधतं. काही देशांत रात्रभर सावकाश डायलिसिस करतात आणि त्या रुग्णांचा फॉस्फरस चांगला उतरतो. आमच्या गावात यंत्रं मोजकी आणि बाहेर बाकड्यांवर माणसं बसलेली. आठ तास कुठून आणायचे? तात्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली.

म्हणजे उरलं ताट. इथं मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

डायलिसिस सुरू झालं तेव्हा आम्हाला पथ्याचा छापील कागद मिळाला होता. त्यात डाळी वर्ज्य. तूर, मूग, मटकी, हरभरा, सगळ्यांवर फुली. आईनं तात्यांचं वरण बंद केलं. ज्या माणसानं आयुष्यभर भातावर वरणाची धार आणि वर तूप, याशिवाय जेवण मानलं नाही, त्याला भात-ताक, भात-दुधी असं सुरू झालं. तात्या बोलले नाहीत. पण जेवण अर्ध्यावर आलं. आणि त्याच कागदावर, खालच्या चौकटीत, न्याहारीला काय चालेल त्यात लिहिलं होतं, "चहा, बिस्किटे". डायलिसिसच्या चार तासांतही चहा-बिस्किटं मिळायची. वरण काढून घेतलं होतं आणि बिस्किट राहू दिलं होतं.

आता वरणाचा हिशेब बघा. एका वाटीला 25 ग्रॅम डाळ लागते. तुरीच्या डाळीत 100 ग्रॅमला सुमारे 300 मिलिग्रॅम फॉस्फरस, म्हणजे वाटीत 75. पण डाळीतला, धान्यातला बराचसा फॉस्फरस फायटेट नावाच्या रूपात कुलूपबंद असतो. ते कुलूप उघडायची किल्ली, फायटेज, माणसाच्या आतड्यात जवळपास नसते. त्यामुळे निम्म्याहून कमी अंगी लागतो. वाटीभर वरणातून पस्तीसेक मिलिग्रॅम, आणि सोबत प्रथिनं, जी डायलिसिसच्या माणसाला नेहमीपेक्षा जास्त लागतात. याउलट पाकीटबंद खाण्यात पीठ फुगावं, चीज मऊ राहावं, पेयाला चरचरीत चव यावी म्हणून जे फॉस्फेटचे क्षार घालतात ते सुट्टे असतात. त्यांना कुलूप नाही. नव्वद टक्क्यांहून अधिक थेट रक्तात. आणि पाकिटावर फॉस्फरस किती आहे ते लिहायची सक्तीच नाही. लिहिलेले असतात फक्त त्या क्षारांचे क्रमांक, कंसात, डोळे ताणून वाचावे लागतील इतक्या बारीक अक्षरात.

ते क्रमांक मी तात्यांना दिले. 338 ते 341, आणि 450 ते 452. त्यांनी ते गाड्यांच्या नंबरांसारखे पाठ केले. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून खडूनं लिहूनही ठेवले. मग दुकानात गेले की चष्मा कपाळावर सारून पाकीट नाकाशी धरायचे. "चारशे पन्नास! ठेव खाली." कोलाच्या बाटलीवर 338, चीजच्या चकत्यांवर 339, नूडल्सवर 451, तयार केकवर 450. बिस्किटांत काहींत सापडायचा, काहींत नाही. नातवंडं त्यांच्याबरोबर हा खेळ खेळायची. अमेरिकेत ओहायोतल्या डायलिसिसच्या 279 रुग्णांवर 2009 साली हाच प्रयोग झाला होता. निम्म्यांना पाकिटं वाचून असे क्षार टाळायला शिकवलं. तीन महिन्यांत त्यांचा फॉस्फरस इतरांपेक्षा 0.6 नं जास्त उतरला. कसलंही नवं औषध न घेता.

वरण परत सुरू केलं त्या दिवशी आई फार वेळ ताटाजवळ उभी होती. मोठी वाटी नाही, लहानच. तूप मात्र नेहमीएवढं.

पथ्याच्या कागदात अंड्याचा पांढरा भाग होता, आणि ती सूचना चुकीची नव्हती. पांढऱ्यात उत्तम प्रथिनं आणि फॉस्फरस नावापुरता. पण तात्यांच्या गळ्यात माळ. मी एकदा धीर करून विषय काढला, औषध समजून घ्या म्हटलं. ते रागावले नाहीत. माळ चाचपत म्हणाले, "आगं, हिनं मला दारूपासनं वाचवलंय. हिला आता कशी उतरवू?" त्यानंतर मी तो विषय काढला नाही. पुढे वाचण्यात आलं, 2011 साली अमेरिकेतल्या इंडियानात डॉक्टर शॅरन मो यांनी मूत्रपिंडाच्या रुग्णांना आठवडाभर शाकाहार आणि आठवडाभर मांसाहार दिला होता, दोन्हींत फॉस्फरस सारखाच. शाकाहाराच्या आठवड्यात रक्तातला फॉस्फरस आणि ते एफजीएफ-23 दोन्ही कमी निघाले. नऊच रुग्ण होते आणि तेही अजून डायलिसिसवर न गेलेले, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत बांधता येणार नाही. पण मी तात्यांना ते सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून हात जोडले. माझं तेवढ्यानं भागलं.

सगळंच शाकाहारी निर्धोक असं मात्र कुणी समजू नये, आणि हे मी जिवावरच्या अनुभवानं सांगते. आषाढी एकादशी होती. तात्यांना यंदा पालखीत चालता आलं नाही याचं दुःख, म्हणून उपवास तरी नीट. सकाळी साबुदाण्याची खिचडी, भरपूर दाण्याचा कूट आणि बटाटा घालून. दुपारी रताळ्याचे काप, केळं, चार खजूर. संध्याकाळी शेजारच्या मुलानं प्रेमानं शहाळं आणून दिलं. बिचारा साबुदाणा निरुपद्रवी, तो नुसता पिठूळ. पण दाणे, बटाटा, रताळं, केळं, खजूर, शहाळं, यातली प्रत्येक गोष्ट पोटॅशियमनं भरलेली. पहाटे तात्या उठायला गेले तर पाय उचलेनात. दवाखान्यात पोटॅशियम 6.9 निघालं, जे 5 च्या आसपास थांबायला हवं. हृदयाच्या आलेखात उंच, टोकदार सुळके. नर्सनं शिरेतून सावकाश कॅल्शियम दिलं, हृदय सांभाळायला. मग साखरेच्या पाण्यासोबत इन्शुलिन, पोटॅशियम पेशींच्या आत ढकलायला, आणि मग यंत्र. ज्या कॅल्शियमची मला धास्ती होती त्यानंच त्या पहाटे त्यांना धरून ठेवलं. फॉस्फरस वर्षानुवर्षं दबा धरून बसतो, पोटॅशियम एका रात्रीत उठवून नेतं.

त्यानंतरच्या एकादश्या तात्यांनी वरईच्या भातावर आणि तुपावर काढल्या, दाण्याची आमटी वगळून. बटाटा हवाच असेल तर सालं काढून पातळ चिरायचा, भरपूर पाण्यात उकळायचा, पाणी ओतून द्यायचं, मग फोडणी. निम्म्याच्या आसपास पोटॅशियम त्या पाण्याबरोबर जातं. चवही जाते. आई ते पाणी मोरीत ओतताना दरवेळी "बटाट्याचा जीव चालला" म्हणायची. आणि बाजारात "कमी सोडियमचं मीठ" मिळतं ते तर घरात आणूच नका, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं.

सहा महिन्यांत फॉस्फरस 7.4 वरून 5.3 वर आला. पीटीएच औषधानं निम्म्यावर. खाज कमी झाली, इतकी की आईनं एका रात्री स्वतःहून विचारलं, "आज तेल नको?" आणि तात्या झोपलेले होते. एवढा मोठा दिलासा मला त्या आकड्यांनीही दिला नव्हता. धमन्यांतल्या त्या रेघा मात्र गेल्या नाहीत, त्या तशा जातही नाहीत. 2004 साली अमेरिकेत डायलिसिसच्या 40,000 हून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या, त्यात फॉस्फरस जितका चढा तितकं मृत्यूचं प्रमाण वाढलेलं दिसलं. पण तो खाली आणला की आयुष्य वाढतंच, हे कुठल्या मोठ्या चाचणीनं अजून ठामपणे दाखवून दिलेलं नाही. पीटीएच उतरवणाऱ्या सिनाकॅल्सेटवर जवळपास 3,900 रुग्णांची चाचणी झाली, 2012 साली निकाल आला, आणि ज्यासाठी ती होती तो फायदा निःसंशय सिद्ध झाला नाही. मला हे कळल्यावर काही दिवस फार जड गेले. मग वाटलं, तात्या शांत झोपतात, वरण-भात जेवतात, मनगट जुळून आलंय. ते मोजायला चाचणी कशाला हवी?

तात्या त्यानंतर तीन वर्षं होते. एका पहाटे झोपेतच गेले. हृदय. फोन आले, तेव्हा कुणी क्रिएटिनिन विचारलं नाही.

गेल्या पितृपक्षात आईनं त्यांचं ताट वाढलं. पाट मांडला, पान ठेवलं, आणि हात वरच्या कोपऱ्याशी नेऊन थांबली. सवयीनं ती कपाटाकडे वळलीही होती, जिथं खडूचे आकडे अजून तसेच आहेत. मग मागे फिरून मिठाच्या सटातून चिमूट घेतली आणि पानात वाढली. लिंबाची फोड. दाण्याची चटणी. वरण मोठ्या वाटीत. मी बटाट्याची भाजी आणायला आत गेले तर ती जरा जास्तच दाट वाटली, म्हणून विचारलं. "पाणी टाकलं न्हाय आज," आई म्हणाली.